तुमचा कंपायलर कोणती सी बोलतो? मानके आणि विस्तार यांविषयी नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

प्रयोगशाळेत बिनतक्रार चालणारा सी प्रोग्राम नोकरीच्या जागी नेला की पहिल्याच फटक्यात वीस-पंचवीस चुका दाखवतो, हा अनुभव कोल्हापूर परिसरात शिकलेल्या पुष्कळ मुलामुलींना येतो. मलाही तो आला. मी इथल्याच एका महाविद्यालयात टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर सी शिकलो आणि पुढे शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात, फाउंड्रीच्या भट्ट्यांचे तापमान नोंदवणारी यंत्रे तयार करण्याच्या कामाला लागलो. सी ही एकच भाषा असून सगळे कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, ती सारखीच समजतात, अशी माझी तोपर्यंत पक्की समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येक कंपायलर सीची एक विशिष्ट बोली बोलतो, आणि ती कोणती असावी हे आपण सांगितले नाही, तर तो ते परस्पर ठरवून मोकळा होतो.

रंकाळ्याच्या काठावर मित्राशी आपण ज्या कोल्हापुरीत बोलतो, त्या कोल्हापुरीत कोणी जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज लिहीत नाही. बोलीत गैर काही नसते. आपण या क्षणी बोली बोलतो आहोत की प्रमाणभाषा, याचे भान तेवढे असावे लागते. सीची प्रमाणभाषा म्हणजे तिचे मानक, आणि बोली म्हणजे कंपायलरने आपल्या पदरचे घातलेले विस्तार, ज्यांना रोजच्या बोलण्यात आपण एक्स्टेन्शन म्हणतो. हा लेख त्या भानासाठी आहे.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा, फ्लॅग (आज्ञेला जोडायचे पर्याय) आणि मॅक्रो (ज्यांच्या जागी कंपायलर ठरलेला मजकूर घालतो असे शब्द) यांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि, वेगळे सांगितले नसेल तेथे, लहान लिपीतच टाइप करावीत.

हाताशी काय असावे

- लिनक्स असलेला संगणक. विंडोज असल्यास डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारे लिनक्स) किंवा एमएसवायएस२ (विंडोजवर जीसीसीसारखी साधने देणारा संच). उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शिअल क्लँग’ या एका आज्ञेत जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर मिळतात.
- मानकाचा मसुदा. अधिकृत मानक आयएसओ विकत देते. परंतु ते तयार करणाऱ्या डब्ल्यूजी१४ या समितीचे मसुदे मोफत उतरवून घेता येतात. सी९९ साठी एन१२५६, सी११ साठी एन१५७० आणि सी२३ साठी एन३२२० हे मसुदे रोजच्या कामाला पुरतात.
- कंपायलर एक्सप्लोरर हे संकेतस्थळ. त्यात एकच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ब्राउझरमध्येच तपासता येतो.
- एक वही. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे लक्षात राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

१. समोर कोणता कंपायलर आहे, ते आधी पाहा

टर्मिनलमध्ये ‘जीसीसी --व्हर्जन’ ही आज्ञा द्या आणि आलेली पहिली ओळ वहीत उतरवा. ही पायरी पोरकट वाटेल, पण ती टाळल्यामुळे दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. मॅक संगणकावर जीसीसी या नावाने जे चालते ते मूळ स्थितीत जीसीसी नसून ॲपलचा क्लँग असतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीसीसी ११ मिळतो, तर उबुंटू २४.०४ मध्ये जीसीसी १३. सेंटओएस ७ चे जुने सर्व्हर अजून कुठे कुठे चालू आहेत आणि त्यांच्यावर जीसीसी ४.८ असतो.

येथे टर्बोवाल्यांसाठी दोन सापळे आहेत. टर्बो सी++ मध्ये नवी फाइल उघडली की तिला आपोआप सीपीपी हा शेपटा लागतो. ती फाइल लिनक्सवर आणून जीसीसीला दिली, तर तो तिला सी++ समजतो, तुम्ही दिलेला सी९९ चा फ्लॅग ‘हा सी++ साठी नाही’ असे सांगून बाजूला ठेवतो आणि मॅलॉकच्या साध्या ओळीवरही चूक काढतो. दुसरा सापळा त्याहून लबाड आहे: डॉसमधून आलेल्या फाइलचे नाव पुष्कळदा सगळे मोठ्या लिपीत असते, आणि ज्या फाइलचा शेपटा मोठ्या लिपीतला सी आहे, ती जीसीसीच्या दृष्टीने सी++ चीच फाइल असते. म्हणून फाइल आणल्याबरोबर तिचा शेपटा लहान लिपीतल्या सी या एका अक्षराचा करून घ्या.

२. मानकांच्या पिढ्या ओळखा

सीचे पहिले मानक अमेरिकेच्या आन्सी या संस्थेने १९८९ मध्ये काढले आणि आयएसओने तेच १९९० मध्ये स्वीकारले. म्हणून सी८९ आणि सी९० ही एकाच भाषेची दोन नावे आहेत. १९९५ मध्ये तिच्यात एक छोटी दुरुस्ती झाली. त्यानंतर सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ आली. सी१७ मध्ये भाषेत नवे काही नाही, केवळ दुरुस्त्या आहेत. ते प्रत्यक्षात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे काही जण त्यालाच सी१८ म्हणतात आणि जीसीसीलाही दोन्ही नावे चालतात. सी२३ हे मानकही असेच २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नवशिक्याच्या रोजच्या कामात जाणवणारे फरक थोडे आहेत. दोन तिरप्या रेघांची टीप, फॉर लूपच्या कंसातच चलाची घोषणा, ब्लॉकच्या मध्येच चल घोषित करण्याची मुभा आणि ‘एसटीडीइंट’ हे हेडर, हे सारे सी९९ पासून आले. घोषणा न करता फंक्शन वापरण्याची आणि प्रकार न लिहिल्यास तो इंट समजण्याची जुनी सवलतही सी९९ ने काढून घेतली. गेट्स हे फंक्शन सी११ ने भाषेतून हद्दपार केले. सी२३ मध्ये बूल, ट्रू आणि फॉल्स हे राखीव शब्द झाले आणि रिकाम्या कंसाचा अर्थ बदलला, ज्याविषयी पुढच्या पायरीत सांगतो.

३. न सांगता कंपायलर काय धरून चालतो, ते तपासा

कोणताही फ्लॅग न देता जीसीसी चालवला, तर ४.९ पर्यंतच्या आवृत्त्या सी९० ची ग्नू बोली, म्हणजे सी९० अधिक जीसीसी ज्या ग्नू प्रकल्पाचा आहे त्याचे विस्तार, धरत. २०१५ च्या जीसीसी ५ पासून ती सी११ ची झाली, जीसीसी ८ पासून सी१७ ची आणि २०२५ च्या जीसीसी १५ पासून सी२३ ची. क्लँग ११ पासून सी१७ ची ग्नू बोली धरतो. म्हणजे प्रोग्रामचे एकही अक्षर न बदलता, केवळ संगणक बदलल्याने, तुमची भाषा बदलू शकते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर ‘एसटीडीसी व्हर्जन’ हा मॅक्रो छापून पाहा. तो सगळा मोठ्या लिपीत लिहितात, आधी दोन अंडरस्कोर, दोन शब्दांमध्ये एक आणि शेवटी पुन्हा दोन. छापताना टक्का-एल-डी वापरावे. १९९९०१ आले तर सी९९, २०१११२ आले तर सी११, २०१७१० आले तर सी१७ आणि २०२३११ आले तर सी२३. कंपायलरने हा मॅक्रो माहीतच नाही असे सांगितले, तर घाबरू नका: मूळच्या सी९० मध्ये तो नाहीच, तो १९९५ च्या दुरुस्तीने आला. मायक्रोसॉफ्टचा कंपायलरही सी११ किंवा सी१७ स्पष्ट मागितल्याशिवाय हा मॅक्रो देत नाही. लिनक्सवर सगळेच पूर्वनिश्चित मॅक्रो पाहायचे असतील, तर ‘जीसीसी -डीएम -ई -एक्स सी /डेव्ह/नल’ ही आज्ञा द्यावी. तिच्यात एम आणि ई मोठ्या लिपीतले आहेत.

त्या यादीत गंमतही सापडते. ग्नू बोलीत, लिनक्सवर, ‘लिनक्स’ हा शब्दच १ या किमतीचा मॅक्रो असतो. एखाद्याने आपल्या चलाचे नाव लिनक्स ठेवले, तर कंपायलरला तेथे १ दिसतो आणि चूक अशी येते की वाचणारा चक्रावतो.

आवृत्ती बदलल्यावर जुना प्रोग्राम अडला, तर पुढील चार ठिकाणी आधी पाहावे. जीसीसी ५ पासून इनलाइन फंक्शनचा अर्थ सी९९ प्रमाणे घेतला जातो, त्यामुळे पूर्वी जोडली जाणारी फंक्शने लिंकरला, म्हणजे तयार तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला, सापडेनाशी होतात. २०२० च्या जीसीसी १० पासून, हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता ठेवलेले ग्लोबल चल प्रत्येक फाइलमध्ये वेगळे धरले जाते आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ ही तक्रार येते. २०२४ च्या जीसीसी १४ पासून, घोषणा न करता वापरलेले फंक्शन ही वॉर्निंग राहिली नसून सरळ एरर झाली आहे. क्लँगने हेच १६ व्या आवृत्तीत केले. जीसीसी १५ मध्ये, बूल या नावाचा स्वतःचा टाइपडेफ असलेली जुनी हेडर अडतात, आणि फंक्शनच्या घोषणेतला रिकामा कंस ‘काहीही चालेल’ असा न समजता ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा समजला जातो.

४. बोलीचे नाव स्पष्ट सांगा

हे काम ‘-एसटीडी=’ या फ्लॅगने होते. ‘-एसटीडी=सी९९’ म्हटल्यास मानकाला धरून असलेली सी९९, आणि ‘-एसटीडी=ग्नू९९’ म्हटल्यास तीच भाषा ग्नूच्या विस्तारांसह. सी२३ साठी जुन्या आवृत्त्यांत ‘सी२एक्स’ असे लिहावे लागते. ‘सी२३’ हे नाव जीसीसी १४ आणि क्लँग १८ पासून चालते. जुन्या पुस्तकांत दिसणारा ‘-आन्सी’ हा फ्लॅग म्हणजे सी९०, त्यामुळे तो लावताच दोन तिरप्या रेघांच्या टिपांवर चुका येतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘/एसटीडी:सी११’ आणि ‘/एसटीडी:सी१७’ हे पर्याय व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.८ या आवृत्तीपासून आहेत.

‘सी’ आणि ‘ग्नू’ या दोन रूपांतला फरक मला ज्या प्रसंगाने शिकवला, तो सविस्तर सांगतो, कारण या लेखातला सर्वांत महागडा धडा तोच आहे. आमच्या तापमान नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये भट्टीचे नाव एका मजकूर फाइलमधून वाचून स्टरडप या फंक्शनने त्याची प्रत घेतली जात असे. मी कुठेतरी वाचून, शिस्त म्हणून, ‘-एसटीडी=सी९९’ लावले होते. जुन्या संगणकावर प्रोग्राम वर्षभर चालला. मग संगणक बदलला, नवा उबुंटू बसवला, प्रोग्राम नव्याने कंपाइल केला, आणि तो पहिल्या भट्टीचे नाव छापण्याआधीच सेगमेंटेशन फॉल्टने पडला. मी दोन दिवस मजकूर फाइल, केबल आणि सेन्सर तपासत बसलो.

मूळ वेगळ्याच ठिकाणी होते. स्टरडप हे फंक्शन सी९९ च्या मानकात नाही. ते पॉझिक्समधले, म्हणजे युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टमांसाठीच्या वेगळ्या मानकातले, आहे. काटेकोर सी९९ मागितल्यामुळे लायब्ररीच्या हेडरने त्याची घोषणा झाकून ठेवली होती. घोषणा दिसत नसल्यामुळे कंपायलरने जुन्या रिवाजाप्रमाणे ते इंट परत करते असे गृहीत धरले. ६४ बिटांच्या संगणकावर पॉइंटर आठ बाइटांचा आणि इंट चार बाइटांचा असतो, म्हणून मिळालेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेला. जुन्या संगणकावर हीपचे, म्हणजे चालू प्रोग्राम मागेल तेव्हा मिळणाऱ्या मेमरीचे, पत्ते इतके लहान होते की वरच्या अर्ध्या भागात नुसती शून्येच असत आणि कापलेले कोणाला कळत नसे. नव्या उबुंटूत प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवता येईल अशा रीतीने तयार होतात, त्यामुळे पत्ते मोठे झाले आणि वर्षभर झाकलेली चूक उघडी पडली. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही की कंपायलर दर वेळी ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ अशी वॉर्निंग देत होता आणि मी ती दर वेळी वर सरकू देत होतो.

यावर उपाय दोन आहेत. एक तर ‘-एसटीडी=ग्नू९९’ लावावे; किंवा काटेकोर रूपच ठेवायचे असेल, तर फाइलमधल्या पहिल्या हेडरच्याही आधी ‘पॉझिक्स सी सोर्स’ हा मॅक्रो २००८०९एल या किमतीने घोषित करावा. त्याच्या सुरुवातीला एकच अंडरस्कोर असतो, शब्दांमध्ये एकेक असतो, आणि तो सगळा मोठ्या लिपीत असतो. हेडरनंतर लिहिल्यास त्याचा काहीही उपयोग होत नाही. ‘-एसटीडी=सी९९’ लावताच पायची किंमत देणारा एम-पीआय हा मॅक्रो गायब होतो, त्याचेही कारण हेच: तो सीच्या मानकात कधीच नव्हता. स्टरडप मात्र सी२३ मध्ये मानकात आले आहे.

५. वॉर्निंग चालू करा आणि पहिल्यापासून वाचा

माझा नेहमीचा संच ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -पेडँटिक’ असा आहे. यातला डब्ल्यू मोठ्या लिपीत लिहून पुढचा शब्द त्याला चिकटवावा. ऑल म्हटले तरी त्यात सगळ्या वॉर्निंग नसतात, म्हणून एक्स्ट्रा हवा.

पेडँटिकविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ‘-एसटीडी=सी९९’ लावले म्हणजे विस्तार बंद झाले, असा सर्रास गैरसमज आहे. त्या फ्लॅगने फक्त मानकाशी भांडणारे विस्तार बंद होतात. केसमध्ये ‘१ ... ५’ असा पल्ला लिहिला किंवा शून्य-बी लावून द्विमान संख्या लिहिली, तर सी९९ च्या रूपातही जीसीसी ते निमूटपणे घेतो. पेडँटिक लावल्यावरच तो सांगतो की हे सी९९ नाही. तेच एरर म्हणून हवे असेल, तर ‘-पेडँटिक-एरर्स’ वापरावे. इतके करूनही प्रत्येक विस्तार पकडला जाईल असे नाही. जीसीसीच्या माहितीपत्रकातच तसे लिहिलेले आहे.

सगळ्या वॉर्निंगना एरर करणारा ‘-डब्ल्यूएरर’ हा फ्लॅग आपल्या टेबलावर जरूर लावावा, पण इतरांना द्यायच्या मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलमध्ये) ठेवू नये. पुढच्या आवृत्तीत एखादी नवी वॉर्निंग आली की चांगला प्रोग्राम विनाकारण अडतो.

६. टर्बोची सवय सोडवा

टर्बोला नावे ठेवण्याची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही, कारण त्याच निळ्या पडद्याने कमी ताकदीच्या संगणकांवर हजारो मुलांना सी शिकवली. मात्र त्याच्या सवयी बरोबर नेल्यास पुढे नाकी नऊ येतात.

कोनिओ हे हेडर काढून टाका. ते मानकात नाही. सीएलआरएससीआर, म्हणजे पडदा पुसण्याचे फंक्शन, नुसते काढून टाकावे. त्यावाचून काही अडत नाही. शेवटी खिडकी थांबवण्यासाठी लिहिलेला गेटसीएचही काढावा, कारण टर्मिनलमधून चालवल्यास खिडकी बंद होत नाही. मिनजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसीमध्ये, कोनिओ नावाचे हेडर मिळते, पण त्यात पडदा पुसणारे फंक्शन नसते, त्यामुळे अर्धे काम होऊन गाडी अडते.

‘व्हॉइड मेन’ ऐवजी ‘इंट मेन’ लिहावे आणि कंसात व्हॉइड लिहावे. गेट्सच्या जागी एफगेट्स वापरावे. एफगेट्स शेवटचा एंटरही मजकुरात ठेवते, तो आपण काढायचा असतो, आणि तो न काढल्यामुळे स्टरसीएमपी जुळत नाही असे म्हणणारे दर वर्षी भेटतात. एफफ्लश हे एसटीडीइनवर चालवण्याची युक्ती काही कंपायलरवर चालत असे, परंतु इनपुट स्ट्रीमवर त्याचे काय होईल हे मानक सांगतच नाही. पूर्ण ओळ एफगेट्सने वाचून एसस्कॅनएफने फोडणे हा सरळ मार्ग आहे.

आता इंटच्या आकाराविषयी. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातला विद्यार्थी मध्यंतरी माझ्याकडे एक प्रोग्राम घेऊन आला. त्यात गुळाच्या ४,००० रव्यांचे, प्रत्येकी १० किलोप्रमाणे, एकूण वजन काढले होते. टर्बोवर उत्तर उणे २५,५३६ किलो येत होते आणि लिनक्सवर बरोबर ४०,०००. त्याचे म्हणणे, टर्बोचे गणित चुकते. टर्बोमध्ये इंट दोन बाइटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ च्या पुढे जाता येत नाही. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा, म्हणजे त्याचे उत्तर मिळते. येथे टर्बो मानकाच्या बाहेर गेलेला नाही. मानक इंटला किमान १६ बिटांचीच हमी देते. चूक होती ती ‘इंट म्हणजे चार बाइट’ या गृहीतकाची. नेमका आकार हवा असेल, तर सी९९ पासूनच्या एसटीडीइंट हेडरमधला इंट३२_टी हा प्रकार वापरावा.

७. विस्तार ठेवायचा की काढायचा, ते ठरवा

विस्तार वापरणे म्हणजे पाप नव्हे. मानकाच्या जे परिशिष्टातच प्रचलित विस्तारांची एक यादी दिलेली आहे. लिनक्सचा कर्नल उघडपणे ग्नू बोलीत लिहिला जातो. २०२२ मध्ये, ५.१८ या आवृत्तीत, तो सी८९ च्या ग्नू बोलीवरून सी११ च्या ग्नू बोलीवर आला. प्रश्न इतकाच विचारावा: हा प्रोग्राम उद्या दुसऱ्या कंपायलरवर न्यावा लागेल का?

जीसीसी आणि क्लँग दोघेही समजतात असे विस्तार पुष्कळ आहेत: कंसात महिरपी कंस घालून त्यातून किंमत काढणे, व्हॉइड पॉइंटरवर बेरीज-वजाबाकी, आणि ॲट्रिब्यूट हा दुहेरी कंसातला प्रकार. टाइपऑफ हा त्यातलाच एक विस्तार सी२३ मध्ये मानकात आला. याउलट फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिण्याची सोय जीसीसीमध्ये आहे आणि क्लँगमध्ये नाही. ती मी कधीही न वापरण्याचा सल्ला देतो.

चलत्या आकाराच्या ॲरेची, म्हणजे व्हीएलएची, कथा वेगळी आहे. तो विस्तार नाही. सी९९ ने तो सक्तीचा केला, सी११ ने ऐच्छिक केला, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तो कधी घेतलाच नाही. त्यामुळे मानकाला धरून लिहिलेला प्रोग्रामही दुसरीकडे अडू शकतो. ‘-डब्ल्यूव्हीएलए’ हा फ्लॅग असे ॲरे दाखवून देतो. वापरकर्त्याने दिलेल्या संख्येवरून असा ॲरे स्टॅकवर काढणे धोक्याचेही आहे. लिनक्सच्या कर्नलमधून ते २०१८ मध्ये हटवण्यात आले.

विस्तार ठेवायचाच असेल, तर तो एका हेडरमध्ये मॅक्रोच्या आड ठेवावा आणि बाकीच्या फाइलींत केवळ मॅक्रोचे नाव वापरावे. हे करताना दोन सापळे सांभाळा. ‘ग्नूसी’ हा मॅक्रो असला म्हणजे कंपायलर जीसीसीच आहे असे नाही, कारण क्लँगही तो देतो. म्हणून क्लँगची तपासणी आधी करावी. ‘हॅज ॲट्रिब्यूट’ ही तपासणी वापरायची असेल, तर ती आहे का हे बाहेरच्या इफमध्ये आणि तिचे उत्तर काय हे आतल्या इफमध्ये विचारावे. दोन्ही एका ओळीत ‘आणि’ने जोडल्यास, ज्या जुन्या कंपायलरला ती ठाऊक नाही, तो त्या ओळीवरच चूक काढतो.

८. लायब्ररी वेगळी आहे, हे विसरू नका

कंपायलर सी११ समजतो म्हणून सी११ ची सगळी हेडर मिळतीलच असे नाही. भाषा कंपायलर देतो आणि फंक्शने लायब्ररी देते. लिनक्सवर ती बहुधा जीलिबसी असते. सी११ मधले थ्रेड्स हे हेडर जीलिबसीत २०१८ च्या २.२८ या आवृत्तीत आले.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूने प्रोग्राम केला की कंपायलर जीसीसी असतो, पण छापण्याचे काम पूर्वापार मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीकडे असते. तिला सी९९ मधले टक्का-झेड-यू समजत नाही, आणि आकड्याऐवजी ‘झेडयू’ ही अक्षरे छापली जातात. लाँग डबलच्या बाबतीतही असेच उलटसुलट आकडे येतात. एमएसवायएस२ मधला यूसीआरटी६४ हा पर्याय निवडल्यास हा टक्का-झेड-यूचा त्रास टळतो.

व्हिज्युअल स्टुडिओने स्कॅनएफ असुरक्षित आहे असे सांगून स्कॅनएफ_एस सुचवले, म्हणून सगळीकडे ते लिहू नका. अशी फंक्शने सी११ च्या के परिशिष्टात ऐच्छिक म्हणून आहेत, मायक्रोसॉफ्टची रूपे त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि जीलिबसीत तर ती नाहीतच.

९. मायक्रोकंट्रोलरवर काम असेल, तर

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत काम शोधणाऱ्यांना ही पायरी लागेल. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरसाठी कील सी५१ हा कंपायलर वापरला असेल, तर एसबिट, बिट आणि फंक्शनच्या शेवटी लिहिलेले ‘इंटरप्ट १’ हे सारे त्या कंपायलरचे विस्तार आहेत. पोर्ट १ चा पहिला पाय घेताना ‘पी१^०’ लिहितात. मानक सीमध्ये ते चिन्ह एक्सऑरचे आहे. हाच प्रोग्राम मोफत मिळणाऱ्या एसडीसीसीवर नेल्यास शब्दांआधी दोन अंडरस्कोर लागतात आणि पायाचा पत्ता, पोर्ट १ साठी ०एक्स९० पासून, स्वतः द्यावा लागतो. म्हणून पायांच्या साऱ्या व्याख्या एकाच हेडरमध्ये ठेवा.

येथे इंट पुन्हा दोन बाइटांचा असतो, आर्डुइनो उनोवरही. आणि येथे ‘व्हॉइड मेन’ चालते, कारण ज्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टम नाही, तेथे सुरुवात कशी व्हावी हे ठरवण्याची मोकळीक मानकानेच कंपायलरला दिली आहे.

१०. दोन कंपायलरांवर चालवा आणि ठरलेले लिहून ठेवा

मेकफाइलमध्ये सीसी या चलात कंपायलर आणि सीफ्लॅग्जमध्ये ‘-एसटीडी=’ सह सगळे फ्लॅग लिहावेत; दोन्ही नावे मोठ्या लिपीत. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबने करावी, स्पेसने चालत नाही. मग एकदा ‘मेक’ आणि, ‘मेक क्लीन’ करून, एकदा ‘मेक सीसी=क्लँग’ अशी आज्ञा द्यावी. मधले क्लीन विसरल्यास जुन्याच ऑब्जेक्ट फाइली जोडल्या जातात आणि काहीच तपासले जात नाही.

स्टरडपच्या प्रसंगानंतर मी आमचा भट्टीचा प्रोग्राम असा पहिल्यांदा क्लँगला दिला, तेव्हा तो तापमानांचा क्रम लावणाऱ्या फाइलीत अडला. क्यूसॉर्टला द्यायचे तुलनेचे फंक्शन मीच कधीतरी दुसऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिले होते. ते अकरा ओळींचे फंक्शन उचलून फाइलीच्या वरच्या भागात ठेवले, त्याच्या आधी स्टॅटिक लिहिले, आणि दोन्ही कंपायलरांवर प्रोग्राम एकही वॉर्निंग न देता तयार झाला.